शेडूर सँडर्स, १४४ वी निवड आणि कोलोरॅडो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेडूर सँडर्स कोण, आणि त्याच्या ड्राफ्टची एवढी चर्चा का झाली?

शेडूर हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू. २०२१ आणि २०२२ हे दोन हंगाम तो जॅक्सन स्टेटकडून खेळला, २०२३ आणि २०२४ हे दोन कोलोरॅडो विद्यापीठाकडून. दोन्ही ठिकाणी मुख्य प्रशिक्षक त्याचे वडील, डिऑन सँडर्स. डिऑन स्वतः एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) हॉल ऑफ फेममधले खेळाडू, त्यामुळे मुलावर कॅमेरे पहिल्या दिवसापासून रोखलेले होते. ड्राफ्टच्या (एनएफएल संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या सोहळ्याच्या) आधी काही महिने अनेक जाणकार त्याला पहिल्या फेरीत, काही जण तर पहिल्या पाचात धरत होते. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीन बे इथे झालेल्या ड्राफ्टमध्ये प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, एकूण १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच काही का?

नाही. ही गल्लत झाली की पुढचं काहीच नीट लागत नाही. लिलावात दोन संघ एकाच खेळाडूसाठी चढाओढ करतात आणि भाव वाढतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ ठरलेल्या क्रमानं एकेक खेळाडू उचलतात, सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाची पाळी आधी. फेऱ्या सात; २०२५ मध्ये एकूण २५७ निवडी झाल्या. कोणत्या क्रमांकाला किती पैसे हे २०११ च्या करारापासून जवळपास ठरलेलं आहे. खेळाडूला संघ निवडता येत नाही. संघ आपापसात पाळ्यांची अदलाबदल मात्र करू शकतात, आणि शेडूरच्या वेळी तेच झालं: ब्राउन्सनी १६६ आणि १९२ या दोन पाळ्या सिअ‍ॅटलला देऊन १४४ वी घेतली.

आणखी एक. युरोपातल्या फुटबॉलसारखी इथे ट्रान्सफर फी नसते. खेळाडू पहिला निवडला गेला काय नि शेवटचा, कॉलेजच्या तिजोरीत त्याबद्दल एक डॉलरही येत नाही.

कॉलेजातले आकडे तर उत्तम होते. मग घसरला कसा?

आकडे खरोखरच उत्तम होते. २०२३ मध्ये पास फेकून ३,२३० यार्ड, २७ टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) आणि फक्त ३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पकडलेले पास). २०२४ मध्ये ४,१३४ यार्ड, ३७ टचडाउन, १० इंटरसेप्शन आणि ७४ टक्के पास अचूक. कोलोरॅडोतले दोन्ही हंगाम मिळून ९०७ पैकी ६५१ पास पूर्ण, म्हणजे ७१.८ टक्के. कॉलेज पातळीवर हा आकडा फार थोड्यांना जमलाय.

पण स्काउट मंडळी (संघांसाठी खेळाडू पारखणारे) गुणपत्रिका बघत नाहीत, उत्तरपत्रिका तपासतात. पास कसला होता, किती लांब होता, किती वेळात सुटला, समोरून दडपण आल्यावर पायांचं काय झालं, हे ते चित्रफितीत बघतात. तिथे शेडूरबद्दल चार गोष्टी वारंवार लिहिल्या गेल्या.

पहिली, दडपण आलं की तो पॉकेटमध्ये (रक्षक खेळाडू त्याच्याभोवती राखतात त्या जागेत) पुढे सरकण्याऐवजी मागे पळतो. सात यार्डांचं नुकसान पंधरा यार्डांचं होतं ते इथेच. दुसरी, चेंडू हातात फार वेळ ठेवतो. चांगला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मोकळा असताना आणखी चांगल्याची वाट बघतो. तिसरी, हात बरा आहे पण तोफ नाही. बाजूरेषेकडचा वीस यार्डांचा सपाट पास एनएफएलमध्ये अर्धा क्षण उशिरा पोचला तरी बचावपटू तो उचलतो. चौथी, अंगकाठी आणि पळ. उंची सहा फूट दीड इंच, वजन ९६ किलोच्या आसपास, वेग साधारण. कॉलेजच्या हिशेबात सॅकचे (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचे) गेलेले यार्ड धावण्यातून वजा करतात, त्यामुळे कोलोरॅडोतल्या दोन्ही हंगामांत त्याच्या धावण्याचे एकूण यार्ड उणे निघाले.

यातली एकेक गोष्ट चालून जाते. ब्राइस यंग जेमतेम पाच फूट दहा इंच, तरी २०२३ मध्ये पहिलाच निवडला गेला. पण उंची कमी असेल तर पाय लागतात, पाय नसतील तर हात लागतो. संघांना शेडूरमध्ये एकही गुण असा दिसला नाही की ज्याच्यासाठी बाकीच्या उणिवा पोटात घालाव्यात. त्याचं सर्वांत मोठं बळ अचूकपणा आणि मार खाऊन उभं राहण्याची चिवट वृत्ती. माझ्या मते या दोन्हींना ड्राफ्टच्या बाजारात त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी भाव मिळतो.

सॅकचा दोष त्याचा की पुढच्या फळीचा?

दोघांचा. वाटणी कशी करायची ते बघू.

२०२३ मध्ये तो ११ सामन्यांत ५२ वेळा पाडला गेला, २०२४ मध्ये ४२ वेळा. दोन वर्षांत ९४. नुसती बेरीज करून भागत नाही. फेकलेले पास अधिक सॅक हा छेद घ्या. २०२३ मध्ये ४३० अधिक ५२ म्हणजे ४८२, सॅकचं प्रमाण सुमारे १०.८ टक्के. २०२४ मध्ये ४७७ अधिक ४२ म्हणजे ५१९, प्रमाण ८.१ टक्के. एनएफएलमध्ये सरासरी साधारण ६ ते ७ टक्के धरतात.

२०२३ ची पुढची फळी (ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे खेळाडू) कच्ची होती, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. २०२४ मध्ये डावीकडे जॉर्डन सीटन हा पहिल्या वर्षाचा पण दांडगा टॅकल (फळीच्या टोकाचा खेळाडू) आला आणि प्रमाण उतरलं. म्हणजे फळीचा वाटा सिद्ध झाला. पण ८.१ हा आकडाही मोठाच आहे. उरलेला वाटा क्वार्टरबॅकच्या सवयीचा. जाणकार त्यासाठी दुसरं गुणोत्तर काढतात: दडपण आलेल्या दर शंभर खेळींपैकी किती वेळा सॅक झाला. हे प्रमाण वीसच्या वर गेलं की भुवया उंचावतात. कारण फळी बदलली, संघ बदलला, तरी ही सवय खेळाडूच्या मागोमाग जाते.

मुलाखती आणि चाचण्यांत काय चुकलं?

ठाऊक असलेल्या गोष्टी अशा. ईस्ट-वेस्ट श्राइन बोलला (ड्राफ्टला निघालेल्या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याला) तो गेला, पण सामना खेळला नाही. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (एनएफएलच्या एकत्रित चाचण्यांत) वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती दिल्या, चेंडू फेकला नाही. फेकला तो ४ एप्रिलला बोल्डरमधल्या प्रो डेला (कॉलेजनं स्काउटांसाठी ठेवलेल्या प्रात्यक्षिकाला), आपल्याच मैदानावर, आपल्याच रिसीव्हरांना.

पहिल्या पाचात जाणार असं नक्की असलेले खेळाडू हेच करतात आणि ते शहाणपणाचं असतं: जागा पक्की असताना परीक्षा कशाला द्यायची? पण जागा पक्की नसेल तर हाच डाव उलटतो. ज्या संघाच्या मनात हाताच्या ताकदीबद्दल शंका होती, त्याची शंका दूर करण्याची संधीच उरली नाही.

मुलाखतींत तो उद्धट वाटला, तयारी करून आला नाही, अशा बातम्या निनावी सूत्रांच्या हवाल्यानं भरपूर आल्या. त्या जपून वाचाव्यात. ड्राफ्टच्या आधी प्रत्येक संघाला काही ना काही लपवायचं असतं, आणि खेळाडू खाली यावा असं वाटणाराही त्याची निंदाच करतो. शंकेला जागा होती ती वेगळ्या ठिकाणी. शाळेपासून कॉलेजच्या शेवटच्या सामन्यापर्यंत हा मुलगा वडिलांच्या संघाबाहेर खेळलाच नव्हता. परका प्रशिक्षक, परकी प्लेबुक (खेळींची वही) आणि बाकावर बसायची पाळी आली तर काय करेल, याला पुरावा नव्हता.

क्वार्टरबॅकची गरज असलेल्या संघांनी मग कोणाला घेतलं?

टेनेसी टायटन्सनी पहिल्याच पाळीला कॅम वॉर्ड घेतला. न्यूयॉर्क जायंट्सनी पाळ्या बदलून वर येत २५ व्या क्रमांकावर जॅक्सन डार्ट उचलला. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी ४० व्या क्रमांकावर टायलर शक, सिअ‍ॅटलनी ९२ व्याला जेलन मिलरो. आणि ज्या ब्राउन्सनी शेवटी शेडूरला घेतलं, त्यांनीच ९४ व्या क्रमांकावर आधी डिलन गॅब्रिएलला घेतलं होतं.

इथे घसरणीचं खरं यंत्र दिसतं. जागा मुळात चार-पाचच असतात. त्या भरल्या की उरलेल्या संघांच्या लेखी तुम्ही राखीव क्वार्टरबॅक. आणि राखीव माणूस गाजावाजा नसलेला हवा असतो. मुख्य खेळाडूचे दोन पास चुकले की स्टेडियमभर राखीवाच्या नावाचा घोष सुरू व्हावा, हे कोणत्याच प्रशिक्षकाला नको असतं. म्हणून पहिल्या फेरीतून निसटलेला प्रसिद्ध क्वार्टरबॅक पायरी-पायरीनं उतरत नाही, धाडकन खाली येतो.

यात त्याचे पैसे किती गेले?

१४४ व्या क्रमांकाचा करार चार वर्षांचा, सुमारे ४६ लाख डॉलरचा. त्यात सही करतानाची रक्कम साडेचार लाखांच्या आत. कॅम वॉर्डला चार वर्षांचे सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलर, तेही पूर्ण हमीचे. डार्टला सुमारे १ कोटी ७० लाख.

रकमेइतकाच महत्त्वाचा आहे तो धीर. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघानं एवढं लावलेलं असतं की वाईट वर्षानंतरही त्याला पुन्हा संधी मिळते. पाचव्या फेरीतल्याला हमीची रक्कम थोडी, म्हणून काढून टाकणं स्वस्त. शिवाय तिसरा हंगाम संपेपर्यंत नवा करार मागता येत नाही, कितीही चांगला खेळला तरी.

ड्राफ्टच्या वेळी आलेल्या त्या खोट्या फोनचं प्रकरण काय होतं?

ड्राफ्ट चालू असताना शेडूरला एका संघाचा व्यवस्थापक असल्याची बतावणी करणारा फोन आला. खोडी अटलांटा फाल्कन्सच्या बचाव प्रशिक्षकांच्या मुलाची निघाली. खासगी क्रमांक त्याला घरातल्या उघड्या आयपॅडवर मिळाला होता. एनएफएलनं संघाला अडीच लाख आणि प्रशिक्षकांना एक लाख डॉलर दंड केला. निवडीवर याचा काही परिणाम झाला नाही.

तो इतका खाली गेल्यानं कोलोरॅडोचं नाव खराब झालं का?

थोडंफार, पण लोक समजतात तेवढं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कोलोरॅडोचाच ट्रॅव्हिस हंटर दुसऱ्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलकडे गेला. त्याआधी त्यानं २०२४ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) घेतली होती. लाजोंटे वेस्टर आणि जिमी हॉर्न हे रिसीव्हर सहाव्या फेरीत गेले. शाळकरी खेळाडूला पटवताना एवढं पुरेसं असतं.

नुकसान झालं ते क्वार्टरबॅकच्या भरतीत. ‘आमच्याकडे या, तुम्हाला पहिल्या फेरीत पोचवतो’ असं म्हणण्याचा आधार निसटला. कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक दुसऱ्या फेरीत गेला होता तो १९९५ मध्ये, कॉर्डेल स्ट्युअर्ट. तीस वर्षांनी आलेली संधी हुकली, एवढं खरं.

तो गेल्यावर संघाचं काय झालं?

आधीचा चढ बघू. डिऑन येण्यापूर्वी, २०२२ मध्ये, कोलोरॅडोचे १ विजय आणि ११ पराभव. २०२३ मध्ये संघात ऐंशीहून अधिक नवे खेळाडू आणले. पहिल्याच सामन्यात, आदल्या मोसमात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या टीसीयूला ४५-४२ असं हरवलं. शेडूरचे ५१० यार्ड. त्या वर्षी फॉल्सम फील्ड या घरच्या मैदानावरचे सगळे सामने हाऊसफुल्ल गेले. हंगाम मात्र ४-८ असा संपला. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी असताना ४६-४३ असा पराभव त्यातलाच. २०२४ मध्ये ९-४, बिग १२ या आपल्या गटात ७-२, आणि अलामो बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात बीवाययूकडून ३६-१४ अशी हार.

आणि २०२५ मध्ये ३-९.

सुरुवात जॉर्जिया टेककडून २७-२० अशा पराभवानं झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस युटानं ५३-७ असं धुतलं, पुढच्याच आठवड्यात अ‍ॅरिझोनानं घरच्या मैदानावर ५२-१७. एका मोसमात तीन क्वार्टरबॅक वापरून झाले: लिबर्टीहून आलेला केडन सॉल्टर, राखीवातला रायन स्टॉब आणि पहिल्या वर्षाचा ज्युलियन लुईस. लुईसला चार सामन्यांवर थांबवलं, कारण चारपर्यंत खेळलं तर ते वर्ष पात्रतेतून (कॉलेजात खेळता येणाऱ्या वर्षांतून) वजा होत नाही.

कारण शोधताना ‘शेडूर गेला म्हणून’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. नीट बघितलं तर तीन गोष्टी एकाच वेळी निसटल्या. क्वार्टरबॅक गेला, त्याचे मुख्य रिसीव्हर त्याच्याबरोबर गेले, आणि खेळाची जी रचना होती ती त्याच्या अचूकपणाभोवतीच बेतलेली होती. सॉल्टरचं बळ पायांत. त्याच्यासाठी धावण्यावर उभा असलेला खेळ हवा होता, आणि धावण्याचा खेळ तर कोलोरॅडोनं दोन वर्षांत बांधलाच नव्हता. शेडूर असताना तो खड्डा झाकलेला राहिला. चांगला क्वार्टरबॅक संघाच्या उणिवा झाकतो. तो गेल्यावर त्या नव्यानं निर्माण होत नाहीत, फक्त उघड्या पडतात.

जॅक्सन स्टेटचंही असंच झालं होतं का?

हीच तुलना सर्वांत बोलकी आहे, आणि कोणी ती करत नाही. शेडूर, हंटर आणि डिऑन तिघंही एकदमच गेले. २०२२ मध्ये अखेरच्या सामन्यापर्यंत अपराजित असलेला संघ २०२३ मध्ये ७-४ वर आला. पण नवे मुख्य प्रशिक्षक टी. सी. टेलर यांनी २०२४ मध्ये १२-२ अशी कामगिरी करून एसडब्ल्यूएसी या आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि सेलिब्रेशन बोलही जिंकला. टेलर आधी डिऑनच्याच हाताखाली काम करत होते. घडी त्यांना माहीत होती आणि भरती तुटली नाही.

मोठा क्वार्टरबॅक गेला की सगळीकडे असंच होतं?

बऱ्याच ठिकाणी. जो बरोनं २०१९ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) १५-० असं राष्ट्रीय विजेतेपद दिलं; ६० टचडाउन पास. तो २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला, त्याच्यासह त्या संघातले १४ जण निवडले गेले, आणि एलएसयू पुढच्या हंगामात ५-५. वॉशिंग्टन २०२३ मध्ये १४-१. मायकल पेनिक्स आठव्या क्रमांकावर गेला, प्रशिक्षक अलाबामाला गेले, २०२४ मध्ये ६-७. एकटा क्वार्टरबॅक गेल्यानं संघ सहसा कोसळत नाही. त्याच्याबरोबर रिसीव्हर, फळी किंवा प्रशिक्षक गेला की कोसळतो.

शेडूरची २ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, ते योग्य होतं का?

१९ एप्रिल २०२५ ला, ड्राफ्टच्या पाच दिवस आधी, त्याचा २ आणि हंटरचा १२ हे क्रमांक निवृत्त केले. हंटरबद्दल वाद नाही. शेडूरच्या दोन वर्षांत संघाचे १३ विजय, १२ पराभव, बोलमध्ये विजय नाही. कोलोरॅडोनं आजवर हा मान बायरन व्हाइट, जो रोमिग, बॉबी अँडरसन आणि रशान सलाम अशा मोजक्यांना दिला होता. पाच-दहा वर्षं थांबायला हरकत नव्हती. मुख्य प्रशिक्षक वडीलच असताना तर नक्कीच.

आणखी एक वर्ष कॉलेजात थांबला असता तर?

थांबता आलंच नसतं. चार हंगाम पूर्ण झाले होते. प्रश्न इतरांना लागू पडतो. टेक्ससचा क्विन युअर्स पात्रता शिल्लक असताना निघाला आणि सातव्या फेरीत २३१ वा गेला. जॉर्जियाच्या कार्सन बेकनं जाहीर केलेला निर्णय फिरवला, मायामीला गेला आणि त्या संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. २०२५-२६ मध्ये प्रत्येक कॉलेज खेळाडूंना मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकत होतं. त्यामुळे पाचव्या-सातव्या फेरीच्या पगारापेक्षा कॉलेजातलं एक वर्ष जास्त देऊन जाऊ शकतं. पात्रता शिल्लक असलेल्या खेळाडूला एनएफएलच्या सल्लागार समितीकडून ‘पहिली फेरी’, ‘दुसरी फेरी’ किंवा ‘कॉलेजातच राहा’ असं उत्तर मागता येतं. तिसरं उत्तर आलं तर ऐकावं.

ब्राउन्समध्ये पुढे काय झालं?

२०२५ ची सुरुवात जो फ्लॅकोनं केली, ऑक्टोबरमध्ये त्याची जागा गॅब्रिएलला दिली आणि फ्लॅकोला सिनसिनाटीला पाठवलं. १६ नोव्हेंबरला बाल्टिमोरविरुद्ध गॅब्रिएलच्या डोक्याला मार लागला आणि शेडूर मैदानात आला. २३ नोव्हेंबरला रेडर्सविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. ब्राउन्स २४-१० जिंकले. पुढे टेनेसीविरुद्ध ३६४ यार्ड फेकूनही संघ ३१-२९ हरला. चेंडू धरून ठेवण्याची सवय तिथेही दिसली, अचूकपणाही दिसला.

पुढच्या वर्षीच्या एखाद्या क्वार्टरबॅकचा अंदाज स्वतः बांधायचा असेल तर?

ठळक क्षणांची चित्रफीत बंद करा. तो हरलेले तीन सामने पूर्ण बघा. शेडूरच्या बाबतीत २०२४ चे नेब्रास्का, कॅन्सस आणि बीवाययू हे तीन पुरे होते. दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात सातपेक्षा जास्त यार्ड हवे असतानाच्या खेळी वेगळ्या मोजा. सॅकचं प्रमाण वर दिलंय तसं काढा. खेळी जिथून सुरू होते त्या रेषेमागचे आखूड पास वगळून अचूकता पुन्हा काढा. ती दहा टक्क्यांनी उतरली तर टक्केवारीचा बराच भाग प्रशिक्षकाच्या रचनेचा आहे. मग ड्राफ्टच्या क्रमातले क्वार्टरबॅक नसलेले संघ मोजा आणि तुमच्या यादीत त्याच्या वर किती जण आहेत ते बघा. संघ पाच आणि तो सहावा असेल, तर फेरी सांगायच्या फंदात पडू नका.

भारतातून ड्राफ्ट किती वाजता बघायचा?

पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. चौथी ते सातवी शनिवारी रात्री साडेनऊपासून. शेडूरचं नाव पुकारलं गेलं ते त्याच सत्रात.